झाकणाच्या आतलं नाव

या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि शाळा समितीचे प्रमुख डॉक्टरसाहेब, छत्तीस वर्षांची सेवा पुरी करून आज खुर्चीवरून उठणाऱ्या आपल्या सर्वांच्या मोठ्या बाई, घड्याळाकडे डोळे लावून बसलेले चिटणीस, भिंतीला टेकून उभे असलेले शिक्षक, मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेले पालक, आणि सगळ्यांत पुढे सतरंजीवर मांडी घालून ‘हे काका किती वेळ बोलणार’ असा चेहरा करून बसलेल्या माझ्या खऱ्या श्रोत्यांनो,

बाईंनी आत्ताच आपल्या मनोगतात माझा उल्लेख केला. म्हणाल्या, “दुसरीत असताना याच्याकडे दप्तर नव्हतं. वर्गानं मायेनं याला दप्तर दिलं. आज बघा, हा दप्तरांचा कारखानदार झाला. दयेचं बी असं फळतं.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. व्यासपीठावर बसलं की वाजवाव्याच लागतात. स्मरणिकेच्या चौथ्या पानावरही हेच छापलंय, वर मथळा आहे ‘एका मोफत दप्तराची गोष्ट’.

मी पडलो धंदेवाला माणूस. मोफत म्हटलं की माझे कान उभे राहतात, कारण मोफत नावाची वस्तू मी अजून बाजारात पाहिलेली नाही. तेव्हा त्या दप्तराची किंमत आधी सांगून टाकतो. पैशांत नव्हे, पैसा त्यात एक लागला नाही. अर्धं ब्लेड. डाव्या अंगठ्याचं थोडं कातडं, त्याचा वण हा इथे आहे, पुढे बसलेल्यांना दिसेल. सोमवारच्या तपासण्या, वर्ष संपेपर्यंत. भर वर्गात मागितलेली एक माफी. आणि ‘माझं’ हा शब्द. तो मी त्यानंतर चार-पाच वर्षं तोंडातून काढला नाही. पेन्सिल माझी असली तरी ‘ही पेन्सिल’ म्हणायचो. आता तुम्हीच सांगा, महाग पडलं की स्वस्त?

हसा, हसा. बाई हसत नाहीयेत, पण तुम्ही हसा.

मंडळी, निरोपाच्या भाषणात गोड बोलायचं असतं हे मला ठाऊक आहे. चिटणीसांनी तर परवा फोनवर बजावलं होतं, “साहेब, दहाच मिनिटं, आणि जरा भावपूर्ण.” भावपूर्ण होईल. कोणता भाव ते त्यांनी विचारलं नव्हतं. हे भाषण मी कारखान्यात बसून लिहिलेलं नाही. छत्तीस वर्षं मनात घोळवतोय. आंघोळ करताना म्हटलंय, गाडी चालवताना म्हटलंय, एकदा तर बायकोच्या मावसभावाच्या लग्नात जेवणाच्या रांगेत उभा राहून पुटपुटत होतो, तर पुढचा माणूस वळून म्हणाला, “काय हवंय?” त्याला काय सांगणार? म्हटलं, “एक पान हवंय.” त्यानं बिचाऱ्यानं जेवणाचं ताट पुढे केलं.

पान कसलं, ते सांगतो.

बाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. नोकरीचं पहिलं वर्ष, आणि आमची दुसरी हा त्यांचा पहिला वर्ग. त्यांनी एक नवी गोष्ट सुरू केली, ती आजही या शाळेत चालते: शनिवारचा शेवटचा तास, मायेचा तास. वर्गाच्या भिंतीवर एक कागदी झाड. ज्या मुलानं आठवड्यात कुणावर तरी दया केली असेल त्यानं उठून सांगायचं, आणि बाई हिरव्या कागदाच्या पानावर त्याचं नाव लिहून ते झाडाला चिकटवणार. लहान मुलांना दुसऱ्याची काळजी घ्यायला शिकवायची, किती चांगला विचार! मी आजही म्हणतो, विचार चांगला होता. अडचण एवढीच की दया करायची तर ती कुणावर तरी करावी लागते. आमच्या वर्गात अडतीस मुलं. सदतीस खाऊनपिऊन सुखी. राहिला एक.

सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. शनिवारी सकाळपासून माझ्यावर दया कोसळायची. अर्धं खोडरबर, बोटभर उरलेली पेन्सिल, एका बाजूनं लिहिलेला कागद. एका मुलीला काहीच सुचेना तेव्हा ती म्हणाली, “मी याच्या बुटाची नाडी बांधते.” माझ्या पायात चपला. मग पुढच्या शनिवारी ती घरून नाडी घेऊन आली, माझ्या चपलेला बांधली, हात वर केला, पान मिळवलं, आणि तास सुटल्यावर नाडी सोडून परत घेऊन गेली. आज ती मोठ्या बँकेत अधिकारी आहे म्हणतात. असणारच.

आणि दप्तर? दप्तर दिलं ते डॉक्टरांच्या मुलानं. त्याला नवीन घेतलं होतं, जुनं मला. मला टेबलाजवळ उभं केलं, त्यानं माझ्या गळ्यात पट्टा घातला, वर्गानं टाळ्या वाजवल्या आणि बाई म्हणाल्या, “काय म्हणायचं?” मी म्हणालो. “मोठ्यानं.” मोठ्यानं म्हणालो. घरी जाऊन झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला शाईनं त्याचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, घरचा पत्ता. उद्या मी हरवलो असतो तर लोकांनी मला डॉक्टरांच्या घरी नेऊन पोचवलं असतं!

ब्लेडनं ते नाव खरवडायला बसलो. नाव जाईना. कापड गेलं. बोटही गेलं, ते मघाशी हिशोबात सांगितलंच. झाकणाला हे एवढं भोक पडलं.

सोमवारी डॉक्टरांचा मुलगा आला तपासायला. दर सोमवारी यायचा. “माझं दप्तर नीट ठेवतोस ना?” ‘माझं’ म्हणायचा, बरं का. त्यानं भोक पाहिलं, बाईंना दाखवलं. बाई म्हणाल्या, “धर्माची गाय आणि दात का नाय, असं झालं तुझं. दिलेल्या वस्तूची किंमत नाही तुला. माफी माग त्याची.” मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. त्यानं ती मोठ्या मनानं दिली. आणि क्षमा केल्याबद्दल, मंडळी, त्याला आणखी एक पान मिळालं.

वर्षाच्या शेवटी त्याची पानं झाली एकतीस, वर्गात पहिला. त्यातली एकोणीस निव्वळ माझ्या जिवावर. तो मुलगा पुढे वडिलांसारखाच डॉक्टर झाला, वडिलांनंतर शाळा समितीचा प्रमुख झाला, आणि आज या समारंभाचा अध्यक्ष म्हणून माझ्या उजव्या हाताला बसलाय.

काय म्हणालात डॉक्टरसाहेब? माईकवर सांगतो. म्हणतायत, “अरे, तू अजून ते धरून बसलायस?” हो, बसलोय. आमचं काही वाकडं नाही हो, गैरसमज नको. रक्तदाब तपासायला मी यांच्याकडेच जातो. तो कशानं वाढतो, हे मात्र त्यांना सात वर्षांत सापडलेलं नाही.

आता चिटणीसांची पहिली चिठ्ठी आली आहे. ‘कृपया आवरते घ्यावे. पुढचा कार्यक्रम आहे.’ आहे ना, मला माहीत आहे. कार्यक्रमपत्रिका माझ्याही हातात आहे. क्रमांक सहा, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, म्हणजे मी. क्रमांक सात, ‘दुसरीतील गरजू विद्यार्थिनीस मायेच्या तासातर्फे दप्तर भेट’. पुढे त्या लहान मुलीचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, छापील. माझ्या प्रतीवर मी पेनानं काट मारली आहे. तुम्हीही मारा. आणि कृपा करून मान वळवून शोधू नका, मी सांगणार नाही.

साडेबाराला लहान वर्गांची घंटा होते. मुलं उठतात, गाड्या बाहेर उभ्या असतात. पूर्वी घंटा शिपाईकाकांच्या हातात असायची, पुढेमागे करता यायची. आता ती विजेची आहे, कुणाचं ऐकत नाही. आत्ता बारा वाजून एकोणीस मिनिटं झाली आहेत. तेव्हा स्पष्टच सांगतो. मी इथे बाईंचा गौरव करायला आलो आहे, तो करीनच. पण घंटा होईपर्यंत हा माईक मी सोडणार नाही. क्रमांक सात आज होणार नाही.

बसा, बसा चिटणीस. तुमचा काही दोष नाही.

हे मी घरून ठरवून आलो नव्हतो. घरून फक्त सूड घेऊन आलो होतो, तोही हसतखेळत. पण सकाळी जरा लवकर पोचलो. हात धुवायला मागच्या नळावर गेलो, तर खांबाच्या पलीकडे दोन मुली बोलत होत्या. माझे कान लहानपणापासून तिखट आहेत. ज्याच्याबद्दल सगळे कुजबुजतात त्याचे होतातच. ऐका:

“आज तिला दप्तर आहे. मोठं.”

“मग पान कुणाला?”

“मला. बाईंनी मला सांगितलंय पट्टा घालायला.”

“तूच गं नेहमी! गेल्या शनिवारी डबा तूच दिलास तिला.”

“अर्धाच दिला. भाजी नव्हती दिली.”

“पण ती घेतच नाही आता. हात मागे धरते.”

“धरू दे. बाई म्हणाल्यात, घ्यावंच लागतं.”

छत्तीस वर्षं, मंडळी. झाड कागदाचं होतं, आता छापील फलकाचं झालं. पानं कातरीनं कापायचो, आता तयार मिळतात. पण वाक्य बदललं नाही. ‘घ्यावंच लागतं.’

पुढे वऱ्हांड्यात एक मुलगी उभी होती. हात मागे. मी ओळखलं. या बाबतीत माझी नजर चुकत नाही. म्हटलं, “काय गं, तुझ्याकडे दप्तर नाही का?” सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, “आहे.” आणि पुढे करून दाखवलं. जुन्या पॅंटीचं शिवलेलं. पॅंटीचा खिसा तसाच ठेवलेला, पाण्याच्या बाटलीसाठी. आता कापड आणि शिवण म्हटलं की मी पाहुणाबिहुणा राहत नाही. उलटं करून टाके बघितले. म्हटलं, “कुणी शिवलं?” “बाबांनी.” “बाबांना सांग, पट्टा जोडलाय तो फार चांगला जोडलाय. माझ्याकडची माणसंसुद्धा इथे एवढा दुहेरी टाका घालायला कुरकुरतात.” तर म्हणाली, “सांगते. पण ते म्हणतील, कोण सांगत होतं?” म्हटलं, “सांग, एक दप्तरवाला.”

मग मी विचारलं, “सभागृह कुठे आहे गं? मी चुकलोय.” तिनं मला दारापर्यंत आणलं. आणि आत शिरताना म्हणाली, “काका, इथे पायरी आहे. बघून.”

डॉक्टरसाहेब, आपण आज दारात ठेचकाळलात, अजून गुडघा चोळताय. चिटणीसही ठेचकाळले. बाई छत्तीस वर्षं त्या दारातून ये-जा करतात, तरी आज त्यासुद्धा अडखळल्या. मी नाही अडखळलो. आता मला सांगा, या पानाचं काय? हे कोण चिकटवणार?

दुसरी चिठ्ठी. ‘अध्यक्षांना बोलायचे आहे.’ बोलतील ना. घंटेनंतर.

आता माझं पान. म्हणजे, न मिळालेलं.

तेव्हा शाळेत बाक नव्हते, लांब पट्ट्यांवर बसायचो, गोणपाटाच्या. त्या सारख्या फाटायच्या, आणि शिपाईकाका मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यात बसून दाभणानं त्या शिवायचे. दाभण म्हणजे गोणी शिवायची जाड सुई, हे लहान मंडळींसाठी सांगतो. एक दिवस मला म्हणाले, “काय रे, मोकळा आहेस का? माझे डोळे गेले कामातून. तुझे जरा उसने दे.” मी सुतळी ओवून दिली. दुसऱ्या दिवशी परत. मग रोजचंच झालं. ते टाका घालायचे, मी बघायचो. मग माझ्या हातात दाभण आलं. “खेचू नकोस रे, टाका बसू दे. घाई कुणाला आहे? घंटा माझ्याच हातात आहे.” त्या वर्षी मधली सुट्टी कधी कधी पाच मिनिटं लांबायची. त्याचं कारण बाई आज पहिल्यांदा ऐकत असतील: आमचा टाका पुरा व्हायचा असायचा.

दप्तराचं भोक त्यांना दिसलं. दोन दिवसांनी गोणपाटाचा एक तुकडा माझ्यापुढे टाकला, तिसरीकडेच बघत म्हणाले, “हे उरलंय. तुझ्या उपयोगाचं असलं तर बघ. नसलं तर दे टाकून.” नसलं तर दे टाकून! मंडळी, माझ्या आयुष्यात तोपर्यंत मला नको म्हणायची मुभा देऊन कुणी काही दिलं नव्हतं. मी ते ठिगळ स्वतः लावलं. तो माझा पहिला माल. बाई म्हणतात ते दयेचं बी इथे पेरलं गेलं असेल तर असेल. वर्गात नाही.

त्या शनिवारी मी हात वर केला. वर्षातला पहिलाच. अख्खा वर्ग वळला. बाईंनाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. “बोल, तू काय केलंस?” मी म्हणालो, “मी शिपाईकाकांना रोज दाभण ओवून देतो. त्यांना दिसत नाही.” वर्ग हसला. आणि बाई तुम्ही म्हणालात, “ते काम झालं. ती दया नव्हे. दया आपल्यापेक्षा कमी असलेल्यावर करायची असते. खाली बस.”

मी खाली बसलो.

काय म्हणालात बाई? माईक देऊ? नको? बाई विचारतायत, “मी असं म्हणाले?” म्हणालात. “मला आठवत नाही.” नसेलच आठवत. काटा रुतलेल्याला आठवतो, बाभळीला थोडाच आठवतो? तुम्ही त्या वर्षी अशी दहा हजार वाक्यं बोलला असाल, त्यातली नऊ हजार माझ्या कल्याणाची असतील. मला पाढे तुम्ही शिकवलेत, हस्ताक्षर तुम्ही लावलंत, माझ्या आईला तुम्ही घरी येऊन सांगितलंत की याची शाळा सोडवू नका. हे मी विसरलो नाही, आणि हेच फार छळतं. ज्या सगळ्याच बाजूंनी वाईट असतात, त्या बाईंचा सूड किती सोपा असतो!

सकाळी कचेरीत चहा घेताना बाईंनी मला एक प्रश्न विचारला. बहुधा माझ्या चेहऱ्यावरून त्यांना वास आला असावा. शेवटी शिक्षिका आहेत. म्हणाल्या, “खरं सांग, तुला दप्तर नव्हतं. मी काय करायला हवं होतं?”

मी चहा पीत राहिलो. बाई, तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देतो.

बुधवारी द्यायचं. शनिवारी नाही. वर्गात नाही, वऱ्हांड्यात, येताजाता. आणि देण्याआधी विचारायचं, “तुला हवंय का?” ‘नको’ म्हटलं तर वाईट वाटून घ्यायचं नाही. आणि त्याच्याकडूनही काही मागायचं, डोळे, हात, वाट दाखवणं, काहीही. सहा-सात वर्षांच्या पोराकडे देण्यासारखं काही नसतं असं ज्याला वाटतं त्यानं पोरांना दया शिकवू नये. एवढंच. अवघड काहीच नाही. अडचण एकच आहे की अशा दयेचा भिंतीवर पुरावा राहत नाही, आणि तपासणीला साहेब आले की त्यांना दाखवायला काही उरत नाही.

बाई मान हलवतायत. होय म्हणून की नाही म्हणून, ते इथून कळत नाही.

पण पुरतं सांगू द्या. मी नुसता बोलणारा माणूस नाही. शिकलो ते करून दाखवलं. माझ्या कारखान्यात दिवसाला चारशे दप्तरं तयार होतात. गेल्या चोवीस वर्षांत एकाही दप्तराच्या झाकणाच्या आत कुणाचं नाव गेलेलं नाही. शाळा येतात, संस्था येतात, म्हणतात, “आत मुलाचं नाव, देणाऱ्याचं नाव छापून द्या, दोन पैसे जास्त घ्या.” मी सांगतो, दुकान बदला. झाकणाच्या आत कोरं कापड. ते ज्याचं दप्तर त्यानं भरायचं. नव्या कारागिराला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, आणि अंगठा दाखवतो. मी बदललो, धंदा वाढला, पण हा एक नियम माझ्या छातीवरचं पदक आहे असं समजा.

आणि म्हणूनच, चिटणीसांनी क्रमांक सातसाठी माझ्याकडे एक दप्तर मागितलं तेव्हा मी एक पाठवलं नाही. दोनशे बारा पाठवलीत. शाळेतल्या प्रत्येक मुलाला एक. इथे शिकणाऱ्या डॉक्टरसाहेबांच्या मुलाला एक आणि तिलाही एक. मग गरजू कोण आणि दाता कोण? सोडवा गणित! बाहेर टेम्पोत भरून ठेवलीत, सोमवारी वर्गावर्गात वाटा, टाळ्या न वाजवता. एक फक्त नमुना म्हणून चिटणीसांनी इथे टेबलावर आणून ठेवलंय, फुलांच्या आड. याला म्हणतात सूड. कुणाचं वाईट न करता घेतलेला.

टाळ्यांबद्दल आभार. जरा थांबा. बारा अठ्ठावीस.

दोन मिनिटांत बाईंविषयी मनापासून. बाई, तुम्ही उद्यापासून शाळेत येणार नाही. तुमच्यानंतर मायेचा तास चालवायचा की नाही हे समिती ठरवेल, म्हणजे डॉक्टरसाहेब ठरवतील, ज्यांची एकतीस पानं आहेत. मी त्यांच्याकडे जाहीर मागणी करतो, तास राहू दे, झाड काढा. पोरांना एकमेकांची कामं करू द्या, आणि कुणाची किती झाली ते मोजू नका. आणि बाई, तुमच्या हातून माझं एक पान राहिलंय. ते मला नको आता. ते त्या पायरीवाल्या मुलीला…

ही झाली बघा घंटा.

उठा बाळांनो. सावकाश. ढकलाढकली नको. दारात पायरी आहे, माहीत आहे ना? शाब्बास. डॉक्टरसाहेब, चिटणीस, क्रमांक सात संपला. मी जिंकलो असं म्हणायला हरकत नाही.

आता राहिलेल्यांचे आभार मानतो. आपण एवढा वेळ ऐकून घेतलंत. बाईंनी आपल्या निरोपाच्या दिवशी माझं कडू शांतपणे गिळलं, ते त्यांच्याच्यानं झालं, माझ्याच्यानं झालं नसतं. अध्यक्ष रागावले नाहीत, उलट मघापासून गुडघ्याऐवजी हनुवटी चोळतायत. बोलण्याच्या भरात माझ्याकडून कुणाला जास्त लागलं असेल, कुणाचा मान कमी झाला असेल, तर तो माझ्या जिभेचा दोष समजून पोटात घाला. आणि…

एक मिनिट. हे मला ऐकू आलं, तुम्हाला आलं नसेल, तुमचे कान तेवढे तिखट नाहीत.

बाहेर जाता जाता दुसरीची रांग टेबलाजवळ थांबली होती. पायरीवाली मुलगी फुलांच्या आडून त्या नमुन्याच्या दप्तरावरचं वाचत होती. दुसरीतली मुलं वाचतात तसं, बोट न लावता, एकेक अक्षर. “स-प्रे-म भे-ट.” मग त्याखालचं माझं नाव, माझ्या कारखान्याचं नाव, फोन नंबरसुद्धा. मैत्रिणीला म्हणाली, “हे त्या काकांचं आहे. नाव आहे बघ.” आणि हात मागे धरून निघून गेली, बाबांनी शिवलेलं दप्तर पाठीवर टाकून.

झाकणाच्या आत नाव नाही, हे मी मघाशी सांगितलं ते खरं आहे. बाहेरच्या खिशावर आहे. दोनशे बाराही दप्तरांवर आहे. छपाईचा नमुना माझ्याकडे आला होता, आणि “अक्षरं जरा मोठी करा,” असं मीच सांगितलं होतं.